फोन उचलायचं बटणच बदललं तर? डायलर आणि कॉन्टॅक्ट अ‍ॅप आपल्या सोयीनं कसं निवडायचं

ऑगस्ट २०२५ च्या दुसऱ्या पंधरवड्यात अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या असंख्य लोकांना एकच प्रश्न पडला होता. काल रात्रीपर्यंत नीट असलेला फोन सकाळी वेगळाच कसा दिसतोय? कॉल आला की वरखाली सरकवायची सवय होती, आता आडवं सरकवायला सांगतोय. कॉल लागल्यावरची बटणं मोठी आणि गोल झाली. नावांची यादी जागेवर नाही. अनेकांना वाटलं फोन हॅक झाला. काहींनी नातवाला विचारलं, काहींनी थेट मोबाईलचं दुकान गाठलं.

हॅक वगैरे काही झालं नव्हतं. गूगलनं आपल्या 'फोन' या अ‍ॅपचा चेहरामोहरा बदलला होता. पण त्या निमित्तानं एक गोष्ट लक्षात आली. दिवसातून पंचवीस वेळा वापरायचं हे अ‍ॅप आपण निवडलेलं नसतं, ते फोनसोबत आलेलं असतं. ते बदलता येतं का? बदललं तर नंबर जातील का? रेकॉर्डिंग बंद पडेल का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोपं पडेल असं काही करता येतं का?

नांदेड-लातूर भागात हे प्रश्न नुसते हौसेचे नाहीत. मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारायचा तर आडत्याला फोन लागतो. लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलाचा आवाज ऐकायचा तर फोन, पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेलेल्या माणसाशी बोलायचं तर फोन. तो उचलताच आला नाही तर दिवसाचं काम अडतं. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

नेमकं काय बदललं होतं?

मे २०२५ मध्ये गूगलनं 'मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह' नावाची नवी रचना जाहीर केली. मोठी बटणं, ठळक आकार, जास्त रंग असं तिचं स्वरूप. ऑगस्टमध्ये ती 'फोन' अ‍ॅपमध्ये सर्वांसाठी येऊ लागली.

आधी आवडते नंबर, अलीकडचे कॉल आणि कॉन्टॅक्ट असे वेगवेगळे कप्पे होते. नव्या रचनेत आवडते आणि अलीकडचे हे दोन्ही 'होम' या एकाच पानावर आले. कॉन्टॅक्टची यादी वरच्या शोधपट्टीतल्या तीन आडव्या रेघांमागे गेली. एकाच माणसाचे पाच कॉल आधी एका ओळीत गोळा होऊन दिसायचे, ते आता वेळेनुसार सुटे दिसू लागले. कॉल उचलण्याची पद्धतही बदलली.

हे रातोरात कसं झालं? अ‍ॅपमध्ये नवा चेहरा आधीच भरून ठेवलेला असतो आणि कंपनी आपल्या सर्व्हरवरून त्याचा खटका दाबते. त्यामुळे 'मी तर काहीच अपडेट केलं नाही' असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नव्हती. प्ले स्टोअरवर आपोआप अपडेटही बहुतेकांच्या फोनमध्ये चालू असतंच.

रेडमी, रिअलमी, ओप्पो, विवो, मोटोरोला अशा अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये गेल्या काही वर्षांत गूगलचंच डायलर मिळू लागलं आहे. त्यामुळे एका अ‍ॅपचा बदल इतक्या वेगवेगळ्या फोनवर एकदम जाणवला. सॅमसंग स्वतःचं डायलर देते, म्हणून तिथं सहसा काही बदललं नाही.

डायलर म्हणजे फोन नव्हे

इथं एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं.

ज्या अ‍ॅपमधून आपण नंबर लावतो ते डायलर. प्रत्यक्ष कॉल ते लावत नाही. कॉल लावण्याचं, नेटवर्कशी बोलण्याचं, दोन सिममधलं एक निवडण्याचं काम अँड्रॉइडच्या आतली यंत्रणा करते. डायलर हा त्या यंत्रणेचा दर्शनी भाग आहे. दुकानाचा काउंटर बदलला म्हणून गोदामातला माल बदलत नाही, तसंच हे.

नावांचंही तेच आहे. तुमचे कॉन्टॅक्ट कुठल्या एका अ‍ॅपच्या पोटात नसतात. अँड्रॉइडमध्ये त्यांची एक सामायिक वही असते. कॉन्टॅक्ट अ‍ॅप, डायलर, व्हॉट्सअ‍ॅप हे सगळे तुमच्या परवानगीनं त्याच वहीत डोकावतात. कोणाचा कॉल कधी आला याची नोंदही अशाच एका सामायिक जागी असते.

म्हणून डायलर बदललं तर नंबर जात नाहीत. जुने कॉलही नव्या अ‍ॅपमध्ये दिसतात. आवाज सुधारतही नाही आणि बिघडतही नाही, कारण रेंज आणि व्होल्टे यांचा संबंध सिम, टॉवर आणि फोनशी आहे. 'आमचं अ‍ॅप घ्या, रेंज वाढेल' असं कोणी सांगत असेल तर ते अ‍ॅप घेऊ नये.

'डीफॉल्ट' कसं ठरतं?

डीफॉल्ट म्हणजे त्या कामासाठी नेमलेलं अ‍ॅप. कॉल आल्यावर पडदा कोणी दाखवायचा, हे या नेमणुकीवरून ठरतं. ही सोय पहिल्यापासून नव्हती. मेसेजसाठीचं अ‍ॅप नेमण्याची पद्धत २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये आली. फोन अ‍ॅप पूर्णपणे बदलण्याची मुभा २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून मिळाली. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये या नेमणुकांना नीट 'भूमिका' असं रूप आलं.

दरम्यान ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलनं प्ले स्टोअरसाठी एक कडक नियम जाहीर केला. तोवर टॉर्चचं अ‍ॅपसुद्धा कॉलची यादी आणि मेसेज वाचायची परवानगी मागायचं. नव्या नियमानं ही परवानगी मुख्यतः डीफॉल्ट फोन किंवा मेसेज अ‍ॅपपुरतीच ठेवली, काही मोजके अपवाद सोडून. याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवायला हवा. एखाद्या अ‍ॅपला तुम्ही डीफॉल्ट फोन अ‍ॅप नेमता, तेव्हा घराच्या किल्ल्याच त्याच्या हातात देता.

बदलायचं कुठून? सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स', त्यात 'डीफॉल्ट अ‍ॅप्स' आणि त्यात 'फोन अ‍ॅप'. सॅमसंगमध्ये 'अ‍ॅप्स'मध्ये गेल्यावर 'डीफॉल्ट अ‍ॅप्स निवडा' असं दिसतं. काही कंपन्यांमध्ये हा पर्याय वरच्या तीन टिंबांमागे असतो. सापडलंच नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डीफॉल्ट' असं टाका. परत जुन्यावर यायचं तर रस्ता हाच.

कॉन्टॅक्ट अ‍ॅपसाठी मात्र अँड्रॉइडमध्ये अशी नेमणूक नसते. हवं ते कॉन्टॅक्ट अ‍ॅप टाका आणि त्याचं चिन्ह पहिल्या पडद्यावर ठेवा, एवढंच. एका वेळी दोनही ठेवता येतात.

जुना चेहरा परत हवा असेल तर

ऑगस्टमध्ये लोकांनी जो उपाय केला तो असा. 'फोन' अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं, 'अ‍ॅप माहिती'त जायचं, वरच्या तीन टिंबांमधून 'अपडेट काढून टाका' निवडायचं. फोन विकत घेतला तेव्हा अ‍ॅप जसं होतं तसं ते परत येतं. मग प्ले स्टोअरमध्ये त्याच अ‍ॅपच्या पानावर तीन टिंबांतून आपोआप अपडेट बंद करायचं.

हा उपाय तात्पुरता समजा. अपडेटमध्ये नुसता रंग नसतो, सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. कायम जुन्या आवृत्तीवर राहणं म्हणजे कडी नीट न लागणाऱ्या दारात राहणं.

त्यापेक्षा आधी नव्या अ‍ॅपची सेटिंग्ज उघडून बघा. कॉल उचलण्याच्या हालचालीसाठी तिथं दोन पर्याय दिलेले आहेत. एकात आडवं सरकवायचं, दुसऱ्यात फक्त बटणावर टेकवायचं. ज्यांच्या बोटांना कामानं घट्टे पडलेत किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांना टेकवणं सोपं जातं. खिशातून फोन काढताना चुकून उचलला किंवा कापला जातो अशी तक्रार असेल तर सरकवणं बरं.

दुसरं अ‍ॅप घ्यायचं तर कोणतं?

पर्याय साधारण तीन प्रकारचे आहेत.

पहिला, फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं डायलर. सॅमसंगमध्ये ते असतंच. वनप्लस, ओप्पो आणि रिअलमीच्या बऱ्याच फोनसाठी 'ओडायलर' नावाचं अ‍ॅप प्ले स्टोअरवर मिळतं. हे त्या त्या फोनसाठीच बनलेलं असल्यानं सहसा अडचण येत नाही.

दुसरा, ट्रूकॉलरसारखी नाव सांगणारी अ‍ॅप. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं बोलू.

तिसरा, मुक्त स्रोत म्हणजे ज्यांचा कोड कोणीही तपासू शकतो अशी अ‍ॅप. यात 'फॉसिफाय फोन' आणि 'फॉसिफाय कॉन्टॅक्ट्स' ही जोडी आहे. जाहिरात नाही, आणि फोन अ‍ॅप इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे तुमची यादी बाहेर पाठवायला त्याला वाटच नसते. दिसायला साधं, अक्षरांचा आकार आणि रंग हवे तसे बदलता येतात.

या जोडीमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आधी 'सिंपल मोबाइल टूल्स' नावाचा अशाच साध्या अ‍ॅपचा संच होता. लाखो लोक तो वापरत होते. २०२३ च्या अखेरीस तो 'झिपोअ‍ॅप्स' या कंपनीला विकला गेला. जाहिरातींवर आणि वर्गणीवर कमाई करणारी ती कंपनी. जुना कोड मुक्त होता, म्हणून संचासाठी काम करणाऱ्यांपैकीच काहींनी त्यावरून 'फॉसिफाय' नावानं नवी अ‍ॅप काढली. यातून घ्यायचा धडा साधा आहे. आज चांगलं असलेलं अ‍ॅप उद्या दुसऱ्याच्या मालकीचं होऊ शकतं. वर्षातून एकदा तरी त्याच्या परवानग्या बघाव्यात.

कोणतंही अ‍ॅप घेतलं तरी फोनसोबत आलेलं मूळ डायलर बंद करू नका. नवं अ‍ॅप अडकलं तर तेच कामाला येतं. ११२ सारखा आपत्कालीन नंबर लावताना अँड्रॉइड मूळ डायलरवरच विसंबतं.

रेकॉर्डिंगचं काय?

व्यवहार फोनवर ठरतात त्या भागात हा प्रश्न हमखास येतो. भाव काय ठरला, गाडी कधी येणार, पैसे कधी देणार, हे नंतर ऐकता यावं म्हणून अनेक जण रेकॉर्डिंग चालू ठेवतात.

गूगलच्या डायलरमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं की तशी सूचना दोन्ही बाजूंना ऐकू येते. समोरचा सावध होतो, म्हणून लोकांना ती नको असते. मग ते दुसरं अ‍ॅप शोधतात. पण बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपना कॉलचा आवाज पकडण्याचा सरळ मार्ग अँड्रॉइडनं नवनव्या आवृत्त्यांमधून बंद करत आणला. अपंगांसाठी असलेल्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' सोयीचा आडमार्ग काही अ‍ॅप वापरत होती. तोही गूगलनं ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरच्या नियमांत बंद केला. ट्रूकॉलरनं तेव्हा आपली रेकॉर्डिंगची सोय काढली होती.

म्हणजे हिशोब असा. रेकॉर्डिंग महत्त्वाचं असेल तर फोनसोबत आलेलं किंवा त्याच कंपनीचं डायलर ठेवा. बाहेरचं डायलर घेतलं की रेकॉर्डिंग जाईल असं धरून चाला. आणि समोरच्याला सांगून रेकॉर्ड करणं केव्हाही चांगलं. व्यवहारात त्यानं भांडणापेक्षा स्पष्टताच वाढते.

कॉल कोणाचा? ट्रूकॉलर आणि नवी सरकारी सोय

ट्रूकॉलर ही २००९ मध्ये सुरू झालेली स्वीडनमधली कंपनी. भारत ही तिची सगळ्यात मोठी बाजारपेठ आहे. पडद्यावर ती जे नाव दाखवते ते सरकारी नोंदीतून आलेलं नसतं, लोकांनी दिलेल्या माहितीतून आणि तक्रारींतून ते जमा झालेलं असतं. म्हणून कधी 'भाऊजी नवा नंबर' असं नाव दिसतं, कधी भलत्याच माणसाचं.

फक्त नाव दिसावं एवढंच हवं असेल तर अशा अ‍ॅपला पूर्ण फोन अ‍ॅप नेमायची गरज नाही. अँड्रॉइड १० पासून 'कॉलर आयडी आणि स्पॅम अ‍ॅप' अशी वेगळी नेमणूक आहे. डीफॉल्ट अ‍ॅप्समध्येच ती दिसते. तिथं नाव सांगणारं अ‍ॅप नेमा आणि कॉलचा पडदा तुमच्या सवयीच्या डायलरकडेच ठेवा. किल्ल्या कमी दिल्या जातात आणि कामही होतं.

आता यात दूरसंचार कंपन्याही आल्या आहेत. सिम घेताना दिलेलं नाव समोरच्याच्या पडद्यावर दाखवण्याच्या सेवेची शिफारस ट्रायनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. तिला सीएनएपी म्हणतात. यात वेगळं अ‍ॅप लागत नाही, नाव नेटवर्ककडूनच येतं.

पण आपल्याकडचा एक गुंता लक्षात घ्या. सिम वडिलांच्या नावावर आणि फोन मुलाच्या हातात, हे गावोगाव चालतं. बहिणीच्या नावाचं सिम भावाकडे असतं. अशा वेळी पडद्यावर येणारं नाव सिमच्या मालकाचं असेल, बोलणाऱ्याचं असेलच असं नाही. तुमच्या नावावर किती सिम आहेत हे 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर बघता येतं. नको असलेलं किंवा माहीत नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं.

शिवाय नंबरही बरंच काही सांगतो. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० नं सुरू होणारे नंबर ठेवले आहेत, तर बँका आणि सरकारी सेवांच्या कॉलसाठी १६०० नं सुरू होणारे. साध्या दहा आकडी नंबरवरून 'बँकेतून बोलतोय' असं कोणी म्हटलं की सावध व्हायला एवढं पुरेसं आहे.

खरा ठेवा कॉन्टॅक्टमध्ये आहे

डायलर बिघडलं तर दुसरं मिळतं. नंबर गेले तर मिळत नाहीत. म्हणून अ‍ॅपशी खेळ करण्याआधी नंबर कुठं साठवलेत ते बघा. जागा तीन असतात.

सिम कार्डवर साधारण अडीचशे नंबर मावतात. नाव थोडक्यात लिहावं लागतं, फोटो नाही, पत्ता नाही. सिम हरवलं की सगळं गेलं. फोनच्या आतल्या साठ्यात नंबर असतील तर फोन फुटला किंवा चोरीला गेला की गेले. तिसरी जागा गूगल खात्याची. तिथं २५ हजारांपर्यंत कॉन्टॅक्ट राहतात, आणि नव्या फोनमध्ये तेच खातं उघडलं की आपोआप येतात.

तुमचे नंबर कुठं आहेत हे गूगलच्या 'कॉन्टॅक्ट्स' अ‍ॅपमध्ये कळतं. सिमवरचे नंबर आत घेण्याचा पर्याय तिथंच आहे. नवा नंबर जतन करताना वर 'कुठे जतन करायचं' असं विचारलं जातं. घाईत आपण ते बघत नाही आणि अर्धे नंबर सिमवर, अर्धे फोनवर असे विखुरतात.

दुसरा उपाय म्हणजे प्रत काढणं. कॉन्टॅक्ट अ‍ॅपमधून 'एक्स्पोर्ट' केलं की सगळ्या नावांची एक व्हीसीएफ फाइल तयार होते. ती दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर ठेवून द्या. ही फाइल जवळपास कुठल्याही फोनमध्ये उघडते, आयफोनमध्येही. चुकून नावं पुसली गेली तर गूगल खात्याच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस असतात.

दुकानातून फोन बदलून घेताना किंवा दुरुस्तीला देताना आधी ही प्रत काढायची सवय लावा. काम दोन मिनिटांचं आहे.

मराठी, तेलुगू, उर्दू: एका यादीत अनेक लिप्या

देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचा शेजार, उदगीर-निलंग्याकडं कन्नडचा, नांदेड शहरात हजूर साहिबमुळे पंजाबी आणि जोडीला उर्दू. इथल्या माणसाच्या फोनमध्ये नावंही तशीच मिसळलेली असतात. काही देवनागरीत, काही इंग्रजी अक्षरांत, काही दुसऱ्या लिपीत.

यात दोन अडचणी येतात. पहिली, यादी लावताना इंग्रजी अक्षरांतली नावं एकीकडं आणि देवनागरीतली दुसरीकडं जातात. 'शिवाजी' एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत असला तर तो यादीच्या दोन टोकांना सापडतो. दुसरी, आकड्यांच्या पाटीवरून नाव शोधण्याची सोय इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असते. देवनागरीतलं नाव त्यातून बरेचदा सापडत नाही.

उपाय सोपा आहे. नाव मराठीत लिहा आणि त्याच कॉन्टॅक्टमध्ये 'टोपणनाव' या रकान्यात तेच इंग्रजी अक्षरांत लिहा. शोधपट्टी बहुतेक वेळा तो रकानाही तपासते. गाडीच्या म्युझिक सिस्टीमवर मराठी नावांऐवजी चौकोन दिसत असतील तर नेहमीची पाचदहा नावं इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी.

कामाच्या नंबरांसाठी आधी काम आणि मग माणूस अशी पद्धत लावा. 'आडत', 'ट्रॅक्टर', 'मोटार दुरुस्ती', 'शिकवणी', 'होस्टेल' असा शब्द पुढे ठेवला की त्या कामाचे सगळे नंबर एकाखाली एक येतात. गूगल कॉन्टॅक्टमध्ये 'लेबल' लावूनही असे गट करता येतात.

नंबरापुढे +९१ लावून जतन करा. आखातात किंवा इतर देशांत असलेल्या नातेवाइकालाही तो कॉन्टॅक्ट पाठवता येतो आणि तिथूनही तसाच लागतो. लँडलाइन असेल तर कोडमधलं पहिलं शून्य गाळायचं. म्हणजे नांदेडच्या ०२४६२ चं +९१ २४६२ होतं, लातूरच्या ०२३८२ चं +९१ २३८२.

घरातल्या मोठ्या माणसांचा फोन

ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांना कमी दिसतं, त्यांच्यासाठी अ‍ॅप बदलण्यापेक्षा अ‍ॅपपर्यंतचा रस्ता छोटा करणं महत्त्वाचं.

पहिल्या पडद्यावर चारसहा माणसांचे फोटो ठेवा. बऱ्याच फोनमध्ये विजेटच्या यादीत 'डायरेक्ट डायल' मिळतं. फोटोवर बोट टेकवलं की सरळ कॉल लागतो. मधे यादी नाही, शोधणं नाही. त्यासाठी आधी कॉन्टॅक्टमध्ये त्या माणसाचा स्पष्ट, फक्त चेहऱ्याचा फोटो टाकावा लागतो. लग्नातला दहा जणांचा फोटो उपयोगाचा नाही.

प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावता येते. कॉन्टॅक्ट उघडून तीन टिंबांमधून 'रिंगटोन सेट करा' निवडा. मुलाची वेगळी, मुलीची वेगळी, दवाखान्याची वेगळी. स्वयंपाकघरातून किंवा शेतातून आवाजावरूनच कळतं की धावत जायचं की नाही.

सॅमसंगमध्ये 'इझी मोड' आहे, इतर अनेक फोनमध्ये 'सिंपल' किंवा 'लाइट' मोड असतो. त्यानं चिन्हं आणि अक्षरं मोठी होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा सवय झाली की त्यांच्या फोनमध्ये वारंवार बदल करू नका. ऑगस्टमधल्या गोंधळात जास्त त्रास त्यांनाच झाला, कारण त्यांनी बटणाचं नाव वाचून नव्हे, जागा पाठ करून फोन शिकलेला असतो.

डायलरच चोर निघाला तर?

आता धोक्याबद्दल. 'फेककॉल्स' नावाचा एक घातक प्रोग्राम सायबर सुरक्षा कंपनी कॅस्परस्कीनं एप्रिल २०२२ मध्ये लोकांसमोर आणला. दक्षिण कोरियातल्या बँक ग्राहकांना त्यानं लक्ष्य केलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिम्पेरियम या कंपनीनं त्याच्या नव्या रूपाची माहिती दिली. हे अ‍ॅप स्वतःला डीफॉल्ट फोन अ‍ॅप नेमून घेतं. मग तुम्ही बँकेचा खरा नंबर लावलात तरी कॉल चोरांकडे जातो, आणि पडद्यावर मात्र बँकेचाच नंबर दिसतो.

आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलन किंवा पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल पाठवण्याचा प्रकार होतो. अशी फाइल टाकली आणि तिनं 'डीफॉल्ट फोन अ‍ॅप करायचं का?' किंवा 'डीफॉल्ट मेसेज अ‍ॅप करायचं का?' असं विचारलं, तर तिथंच थांबायचं. लग्नपत्रिकेला तुमचे कॉल सांभाळायचं काही कारण नसतं.

दुसरा प्रकार कॉल वळवण्याचा. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून कोणी एखादा कोड लावायला लावतो. त्या कोडमुळे तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात आणि ओटीपी सांगणारा कॉल त्याच्याकडे जातो. याच कारणानं दूरसंचार विभागानं असे कोड लावून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. तरीही सावध राहा. डायलरच्या सेटिंग्जमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' उघडून कोणता अनोळखी नंबर नाही ना, हे बघता येतं. ##००२# लावलं की सगळं वळवणं रद्द होतं.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आयफोनवर काय?

आयफोनमध्ये मुभा कमी आहे. डिसेंबर २०२४ च्या आयओएस १८.२ पासून सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट अ‍ॅप्स'चा विभाग आला. तिथं नंबरावर टेकवल्यावर कॉल व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवरून लावायचा असं ठरवता येतं. पण आपल्याकडे सिमवरचे कॉल अ‍ॅपलच्याच अ‍ॅपमधून होतात. सप्टेंबर २०२५ च्या आयओएस २६ मध्ये तिथंही फोन अ‍ॅपची मांडणी बदलली, पण जुनी 'क्लासिक' मांडणी निवडण्याचा पर्याय अ‍ॅपमध्येच ठेवला आहे.

बदलण्याआधी हे पाच मुद्दे बघा

१. आधी नंबरांची व्हीसीएफ प्रत काढा आणि सगळे नंबर गूगल खात्यात आणा.

२. जे खटकतंय ते सध्याच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्येच सुटतं का ते तपासा. बरेचदा सुटतं.

३. नवं अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा एफ-ड्रॉइडसारख्या माहीत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या. कोणी पाठवलेली फाइल नको.

४. डीफॉल्ट केल्यावर दोन्ही सिमवरून एकेक कॉल लावून आणि घेऊन बघा. पडदा लॉक असताना कॉल नीट उचलता येतो का तेही बघा.

५. मूळ डायलर बंद करू नका. आठवडाभरात जमलं नाही तर डीफॉल्ट अ‍ॅप्समधून परत त्यावर या.